हसवणं हा त्यांचा दुसरा धंदा

"शत्रू आहे का? जरा फोनवर बोलवा."

एवढ्या दोन वाक्यांवर मिगेल हिला नावाच्या माणसाने स्पेनला काही दशकं हसवलं. स्टेजवर तो एकटा, डोक्यावर काळी चपटी टोपी, कानाला फोन. खंदकातला साधा शिपाई पलीकडच्या फौजेला फोन लावून चौकशी करतोय. उद्या हल्ला करणार आहात का? किती वाजता? सातला? अहो, सातला आम्ही सगळे झोपलेले असतो. दुपारी नाही का जमणार, फुटबॉलची मॅच संपल्यावर? आणि येताय किती जण? बापरे! एवढ्यांना पुरतील एवढ्या गोळ्या नाहीत आमच्याकडे. बरं, असं करू, आम्ही झाडतो, तुम्ही आपसात वाटून घ्या.

पलीकडचा काय बोलतो ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही. हिला थांबतो, ऐकतो, मान हलवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. हे थांबणं अर्ध्या-पाऊण सेकंदाचं असेल, पण सगळा खेळ तिथे आहे. शत्रूचं उत्तर प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात रचतो, आणि ज्या वाक्याला हसतो ते वाक्य कुणी उच्चारलेलंच नसतं. ज्या देशात छापून येणारा आणि स्टेजवर बोलला जाणारा प्रत्येक शब्द सरकारी माणूस आधी वाचत होता, तिथे ही युक्ती किती सोयीची होती, बघा. न बोललेल्या वाक्यावर लाल पेन्सिल फिरवायची कशी?

स्पॅनिश कानावर पडावं म्हणून मी जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघायला लागलो. बातम्यांपेक्षा विनोद बरा, एवढाच हिशोब. भाषा किती आली ते सोडा, पण बघता बघता एक गोष्ट ध्यानात यायला लागली. ज्या विनोदवीरांची नावं तिथे पुन्हा पुन्हा निघतात, त्यांतले बरेचसे विनोद करायला म्हणून घराबाहेर पडलेच नव्हते. कुणी यंत्रावर काम करत होता, कुणी दागिने घडवत होता, कुणी दुसऱ्याच्या नाचामागे बसून गात होता. हसवणं त्यांच्या आयुष्यात उशिरा आलं, आणि आलं तेव्हा आधीच्या कामाची सवय हातात घेऊनच आलं.

हिलाचंच बघू. जन्म 1919 चा, माद्रिदचा. बाप त्याच्या जन्माआधीच गेलेला, आजी-आजोबांनी वाढवलेला. तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि कारखान्यांतली कामं सुरू झाली. 1936 साली यादवी युद्ध पेटल्यावर हा पोरगा प्रजासत्ताकाच्या बाजूने स्वेच्छेने लढायला गेला. डिसेंबर 1938 मध्ये कोर्दोबा प्रांतात एल विसो गावापाशी तो पकडला गेला आणि त्याला इतरांबरोबर रांगेत उभं करून गोळ्या घालण्यात आल्या. पाऊस पडत होता, गोळ्या झाडणारे दारू प्यायलेले होते. हिला मेल्याचं सोंग करून मढ्यांमध्ये पडून राहिला आणि वाचला. पुढे आत्मचरित्रात त्याने हे सांगितलं ते कसं, तर आम्हाला नीट गोळ्या घातल्या नाहीत, अशा तक्रारीच्या सुरात. गवंड्याने भिंत तिरकी बांधली, तसं. ही कथा त्याच्याच तोंडची आहे आणि तिच्यावर शंका घेणारेही आहेत. पण तो युद्धकैदी होता आणि तुरुंगात होता, यात वाद नाही. माद्रिदच्या तोर्रीहोस तुरुंगात कवी मिगेल एर्नांदेस त्याच्याबरोबर होता. हा कवी 1942 साली कैदेतच क्षयाने गेला.

तुरुंगातून सुटल्यावर, ज्या फौजेविरुद्ध लढला तिच्यातच हिलाला सक्तीची लष्करी नोकरी करावी लागली. हे खरं घडलेलं आहे. त्याच्या एखाद्या प्रयोगात घातलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती.

याच काळात तो चित्रं काढत होता. 1941 साली मिगेल मिउराने 'ला कोदोर्निस' नावाचं विनोदी साप्ताहिक काढलं होतं. युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या काळात थोडी मोकळी हवा जिथून यायची अशा खिडक्या फार नव्हत्या, त्यांतली ही एक. हिला त्यात व्यंगचित्रं द्यायचा. मोठ्या नाकाची, बोजड हाताची, अडाणी चेहऱ्याची माणसं अत्यंत शांतपणे काहीतरी भयंकर बोलताहेत, अशी ती चित्रं. 1951 च्या ऑगस्टमध्ये माद्रिदच्या फोन्ताल्बा नाट्यगृहात तो स्टेजवर चढला आणि युद्धाची गोष्ट सांगायला लागला. व्यंगचित्रात दोनच माणसं, एक चौकट आणि खाली एक ओळ असते. हिलाच्या फोनमध्येही तेच आहे. दोन माणसं, त्यांतलं एक दिसत नाही, आणि खालची ओळ तो स्वतः बोलतो. मला तरी त्याचे प्रयोग हलत्या व्यंगचित्रांसारखेच वाटत आले आहेत.

आणखी एक. त्याच्या युद्धात कुठलीही बाजू नाही. झेंडा नाही, सेनापतीचं नाव नाही, देशाचंसुद्धा नाही. पराभूत बाजूच्या माणसाला 1951 साली दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण त्यामुळे असं झालं की समोर बसलेला जिंकलेला आणि हरलेला दोघंही एकाच वाक्याला हसायचे. ही सलोख्याची गोष्ट होती, असं पुढे अनेकांनी लिहिलं. मला ते थोडं गोडगोड वाटतं. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपण कशाला हसतोय हे सांगायची परवानगी नव्हती, आणि याला सलोखा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

1960 च्या दशकाच्या शेवटी तो अर्जेंटिनात गेला. राजकारण होतंच, पण घरगुती कारणही होतं. पहिलं लग्न मोडलेलं, दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडलेला, आणि स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो कायदा 1981 साली आला. हिला परतला तेव्हा फ्रँको जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोन तोच होता, शत्रूही तोच, आणि आता टीव्हीसमोर बसलेली तरुण पोरं युद्ध न बघताच त्या शत्रूला हसत होती. 13 जुलै 2001 ला तो बार्सिलोनात गेला.

त्याच शहरात, त्याच वर्षी, चार महिने आधी आणखी एक जण गेला होता. एउहेन्यो. आडनाव जोफ्रा, पण ते कुणी घेत नाही.

हा सगळ्यात अजब प्राणी. काळा शर्ट, काळी पँट, दाढी, काळसर काचांचा चष्मा. उंच स्टुलावर बसायचा, एका हातात सिगारेट, बाजूला व्होडका-ऑरेंजचा ग्लास. चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. समोर लोक खुर्चीवरून पडायच्या बेतात आणि हा, प्रेताला खांदा देऊन आल्यासारखा, एक झुरका घेऊन पुढच्या विनोदाकडे वळणार. प्रत्येक विनोदाची सुरुवात ठरलेली, 'साबेन आकेल्य के दिउ', म्हणजे 'तो विनोद माहीत आहे का, ज्यात असं म्हणतात की'. अर्धं स्पॅनिश, अर्धं कातालान, म्हणजे बार्सिलोनाकडची भाषा, आणि उच्चार जाड कातालान वळणाचे. फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. तिचा सूर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभरच्या गाड्यांमधून ऐकू येऊ लागला, कारण एउहेन्योच्या कॅसेट हायवेवरच्या पेट्रोलपंपांवर विकल्या जायच्या. लांबच्या प्रवासात बाप गाडी चालवतोय, मागे पोरं, आणि टेपमधून हा सुतकी आवाज. कॅसेटची पारायणं करून विनोदी कथाकथन पाठ केलेल्या मराठी घरांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

हा मूळचा दागिने घडवणारा. पुढे कोन्चिता अल्काइदे भेटली. ती गाणारी, अंदालुसियातल्या उएल्वाकडची. दोघांनी मिळून 'एल्स दोस', म्हणजे 'दोघं', अशी जोडी केली आणि ते बार्सिलोनातल्या छोट्या छोट्या ठिकाणी गायला लागले. तो गिटार धरायचा आणि दोन गाण्यांच्या मधली जागा बोलून भरायचा. एकदा कोन्चिताला आईच्या आजारपणासाठी माहेरी जावं लागलं. कार्यक्रम तर ठरलेले. एकट्याने गायची हिंमत नाही, मग हा बोललाच फक्त. ती परत आली तेव्हा लोकांना गाण्यांपेक्षा मधली बडबड हवी झाली होती. 1980 साली ती कॅन्सरने गेली. तेव्हा तो प्रसिद्धीच्या शिखराकडे निघाला होता, पदरात दोन मुलगे होते.

इथे आपल्याला सगळ्यांनाच एक मोह होतो. जगाला हसवणारा आतून रडत होता वगैरे. डेव्हिड त्रुएबाने 2023 साली त्याच्यावर चित्रपट केला, त्यातही ही प्रेमकथा मध्यभागी आहे. एउहेन्योचं काम करणाऱ्या डेव्हिड वेर्दागेरला त्यासाठी स्पॅनिश चित्रपटांचा गोया पुरस्कार मिळाला, आणि तो अगदी योग्य मिळाला. पण एउहेन्योचा चेहरा कोन्चिता असतानाही असाच होता. दुःखाने विनोदी माणूस घडत असता तर आपल्या प्रत्येक आळीत पाच निघाले असते. त्याच्या चित्रफिती बघताना मला दुःखापेक्षा मोजमाप जास्त दिसतं. तो एकही शब्द जास्त वापरत नाही. ग्लास उचलायची, राख झाडायची जागा आधीच ठरलेली असते. सोन्याची कातरण वाया जाऊ न देणाऱ्या माणसाची ही सवय असावी, असं मी म्हणतो. पटत नसेल तर सोडून द्या.

त्याचा एक विनोद स्पेनमध्ये सगळ्यांना पाठ आहे. माणूस कड्यावरून पडतो, एका फांदीला लोंबकळतो. खाली दरी. ओरडतो, "कुणी आहे का?" धीरगंभीर आवाज येतो, "आहे बाळा, मी परमेश्वर. हात सोड. माझे हजारो देवदूत झेप घेऊन येतील, तुला पंखांवर झेलतील आणि अलगद खाली ठेवतील." माणूस विचार करतो. "ठीक आहे, आभारी आहे. पण आणखी कुणी आहे का?"

हा विनोद त्याचा नाही. जगभर सांगितला जातो, आपल्याकडेही ऐकला असेल. पण एउहेन्यो तो सांगतो तेव्हा देवाचा आवाज आणि लोंबकळणाऱ्याचा आवाज यांत काडीचाही फरक करत नाही. दोघंही सारखेच कंटाळलेले. मला वाटतं, एवढ्या एका निवडीवर त्याची सगळी कारकीर्द उभी आहे.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊ.

मालागा शहरात त्रिनिदाद नावाची गरीब वस्ती आहे. तिथे 1932 साली ग्रेगोरियो सांचेस जन्मला. लहानपणापासून फ्लामेंको, म्हणजे अंदालुसियातलं गाणं, गायचा, म्हणून 'चिकितो दे ला काल्सादा' म्हणायला लागले, म्हणजे त्या रस्त्यावरचा छोटू. हे नाव त्याला म्हातारपणापर्यंत चिकटलं. आयुष्यभर तो गायक होता, पण पुढच्या रांगेतला नाही. फ्लामेंकोत नाचणाऱ्याच्या मागे बसून गाणारे असतात, त्यांतला. गावोगावच्या कार्यक्रमांत गायला, रात्रीच्या फ्लामेंको मैफलींत गायला, काही काळ जपानमध्येही गायला. जपानला फ्लामेंकोचं मोठं वेड आहे, तिकडे स्पॅनिश गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना कामं मिळायची.

1994 चा उन्हाळा आला. स्पेनमध्ये खाजगी वाहिन्या सुरू होऊन चारच वर्षं झाली होती आणि त्यांना रात्रीचे तास भरायला माणसं हवी होती. आन्तेना 3 वर विनोद सांगणाऱ्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला, 'हेनियो इ फिगुरा'. त्यात हा बासष्ट वर्षांचा गृहस्थ आला. भडक रंगाचा ढगळ शर्ट, एक हात कमरेवर मागे, आणि तव्यावर पाय भाजल्यासारखा टाचा उचलत तुरुतुरु इकडून तिकडे. विनोद सांगायला सुरुवात करतो आणि तिसऱ्याच वाक्याला भरकटतो. मध्येच "हाआआर्ल!" अशी आरोळी. मध्येच 'फिस्त्रो' हा शब्द, जो कुठल्याही शब्दकोशात नव्हता. 'पेकादोर दे ला प्रादेरा', माळरानावरचा पापी. इंग्रजीसारखं वाटणारं पण इंग्रजी नसलेलं काहीतरी. कुणाला कामचुकार म्हणायचं असेल तर "तू टारझनच्या शिंप्यापेक्षा कमी काम करतोस." निघताना "आस्ता लुएगो, लुकास", येतो रे लुकास. लुकास कोण, ते शोधू नका.

काही आठवड्यांत देश त्याच्यासारखा बोलू लागला. शाळेतली पोरं, दुकानदार, ऑफिसातली मंडळी, सगळे. 1996, 1997 आणि 1998 साली त्याचे लागोपाठ चित्रपट आले. ते चांगले आहेत असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, पण ते ज्यांनी थिएटरात पाहिले त्यांच्या डोळ्यांत आजही चमक येते.

तो विनोद सांगायला इतका वेळ घ्यायचा की शेवट आला तेव्हा सुरुवात कुणाला आठवायची नाही. पहिल्यांदा मी वैतागलो होतो. मग फ्लामेंको ऐकताना उलगडायला लागलं. नाचणाऱ्यामागे गाणाऱ्याचे डोळे सतत पुढच्या पायांवर असतात. पाय थांबले की ओळ आवरायची, पाय पेटले की तीच ओळ ताणायची, ताणताना शब्द संपले तर नुसत्या 'आय'वर, कण्हण्यावर निभावून न्यायचं. चिकितोची आरोळी म्हणजे तेच कण्हणं, फक्त उताणं पडलेलं. फरक इतकाच की आता मागे बसायची गरज नव्हती. नाचायला आणि गायला तोच, आणि नजर प्रेक्षकांवर. लोक कुठे फुटताहेत ते बघून तो ओळ लांबवायचा. विनोदाचा शेवट त्याच्या लेखी गौण होता. मागे बसून पन्नासेक वर्षं गायलेल्या माणसाला कुठल्याच ओळीची घाई नसते.

टीकाकारांनी सुरुवातीला नाकं मुरडली. साहजिक होतं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा त्याच दैनिकांनी त्याच्या शब्दांवर पानं भरून लिहिलं.

बायकांची नावं या यादीत कमी येतात, आणि येतात तेव्हा लिना मॉर्गन सगळ्यात आधी येते. माद्रिदच्या ला लातिना भागातल्या साध्या घरातली मुलगी, कोवळ्या वयात 'रेविस्ता'च्या समूहनृत्यात उभी राहिलेली. रेविस्ता म्हणजे गाणी, नाच, चावट विनोद आणि पिसांचे मुकुट घालून जिन्यावरून उतरणारी नायिका. या नायिकेने देखणं दिसायचं, विनोद पुरुषांनी करायचा, अशी वाटणी असायची. लिनाने ती मोडली ती पायांनी. ऐटीत चालताना एक घोटा दगा द्यायचा, गुडघे एकमेकांत अडकायचे, चेहरा तिरळा व्हायचा, आणि पुढच्या क्षणी ती तालात परत. हे करायला आधी उत्तम नाचता यावं लागतं. 1983 साली तिने, ज्या वस्तीत वाढली तिथलं ला लातिना नाट्यगृहच विकत घेतलं आणि पुढची अनेक वर्षं तिथे हाऊसफुल्लचे बोर्ड लावले. बुद्धिवादी मंडळींना ती फार साधी वाटायची. असेलही. पण समूहनृत्याच्या मागच्या रांगेतली किती जणं स्वतःच्या नाट्यगृहाच्या मालकीण झाली, हे त्यांनी मला सांगावं.

एकच सरकारी दूरदर्शन असण्याचा फायदा मिळालेली जोडी म्हणजे 'मार्तेस इ त्रेसे'. नावाचा अर्थ 'मंगळवार आणि तेरा'. तिकडे अपशकुनी दिवस शुक्रवार नाही, तेरा तारखेचा मंगळवार. 31 डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं खायची पद्धत आहे आणि त्या रात्री सगळा देश टीव्हीपुढे असतो. 1985 च्या त्या रात्री मियान साल्सेदो आणि होसेमा युस्ते यांनी रेडिओवर फोन करणाऱ्या एका बाईचं नाटुकलं केलं. मोस्तोलेस या माद्रिदच्या उपनगराचं नाव आणि 'एम्पानादिया' म्हणजे तळलेल्या करंज्या, या दोन शब्दांची त्या बाईच्या तोंडात जी गल्लत होते त्यावर लोक आजही हसतात. मोस्तोलेसकरांनी ते किती सहन केलं असेल याची मला कल्पना करवत नाही.

मग 1999 साली 'एल क्लुब दे ला कोमेदिया' आला. उभा माईक, रोजच्या जगण्यातल्या निरीक्षणांवर दहा मिनिटं. अमेरिकी साचा. त्यातून चांगले लोक पुढे आले. एवा हाचे आली. दानी रोविरा त्याच परंपरेतला, 2014 च्या 'ओचो आपेयिदोस वास्कोस'ने स्पॅनिश चित्रपटांच्या देशातल्या कमाईचे विक्रम मोडले, त्यात नायक तोच. पण या पिढीतले कित्येक जण थेट विनोदाच्याच धंद्यात उतरले. मी त्यांना बघतो, हसतो, आणि दुसऱ्या दिवशी कोण काय म्हणालं ते मला सांगता येतं. चालत कसा होता ते सांगता येत नाही.

असं ठामपणे म्हणावं तर होआकीन रेयेस आडवा येतो. हा अल्बासेतेचा. तो आणि त्याचे काही सोबती कुएंकाला चित्रकला शिकलेले. 2002 साली पॅरामाउंट कॉमेडी वाहिनीवर त्यांनी 'ला ओरा चानान्ते' सुरू केलं. त्यात रेयेस जगप्रसिद्ध माणसाचा वेश करून बसायचा. विग स्वस्तातला, मिशी उघडउघड चिकटवलेली, आणि तो जागतिक तारा आपली जीवनकहाणी सांगायचा ती आपल्या ला मान्चा भागाच्या खेडवळ बोलीत, गावच्या चावडीवर बसल्यासारखी. साम्य जेमतेम. दोन रेषांत चेहरा पकडावा आणि बाकीचा कागद कोरा सोडावा, तितकंच. ती बोली माद्रिदच्या पोरांनाही सुरुवातीला झेपत नसे. काही वर्षांत 'वियेहुनो', म्हणजे जुनाट, वगैरे त्यांचे शब्द देशभरचे तरुण वापरू लागले. मला अजून निम्मं कळत नाही, आणि मी एकही भाग चुकवलेला नाही.